तिसऱ्या रविवारची हरकत

अब्राहामच्या घरचा चहा मी आता घेत नाही. त्याला वाटतं, मला शाळेत शिकवायला जायची घाई असते.

त्याच्या वडिलांच्या पुढच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिलो. पारनेर तालुक्यातून नगरला बी.ए. करायला आलो, तेव्हा ख्रिस्ती वस्तीत ही खोली मिळाली. वडिलांचं नाव कृपादान भिंगारदिवे. शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणायचो. अब्राहाम कॉलेजात माझ्याच वर्गात होता. मधे नोकरी केल्यामुळे वयाने चार वर्षांनी मोठा. लग्नानंतर तो आणि त्याची बायको सारा अंगणापलीकडच्या घरात राहू लागले. मास्तरांचं जेवण तिकडून यायचं. ताटावर दुसरं ताट उपडं घातलेलं. मास्तर वरचं ताट काढून आधी भाकरीला बोट लावून बघत. ती गार असायची.

अब्राहामचं लग्न मास्तरांनी जमवलं, हे इथे सांगितलं पाहिजे. सारा कॅथलिक. तिच्या वडिलांना प्रॉटेस्टंट जावई नको होता. मास्तर ओळीने अकरा रविवार सायकलवरून केडगावला गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून आले. कोणी पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. बाराव्या रविवारी साराच्या वडिलांनी दार उघडलं आणि आत या म्हणाले. अब्राहाम तेव्हा माझ्या खोलीत येऊन रडला होता. असा बाप कोणाला मिळत नाही, म्हणाला.

मलाही तसंच वाटायचं. माझ्या घरी प्रेमाची भाषा नव्हती. माझे वडील छगनराव आणि आई एकमेकांशी बैलाच्या आडून बोलतात. आई बैलाला म्हणते, आज कुणाला तरी लवकर जेवायचं असेल. वडील बैलाला म्हणतात, व्हय, असंल. तीस वर्षं असं चाललंय. त्यालाही सोबत म्हणायचं की नाही, हे मला पुस्तकं वाचून कळलं नाही.

मास्तरांची बायको सहासष्ट साली गेली. दफनभूमीत दगड बसवताना मास्तरांनी तिच्या नावाखाली आपलंही नाव कोरून घेतलं. नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. कारागीर आलाच आहे, पुन्हा कशाला बोलवायचा, एवढाच विचार. त्यांचं वय तेव्हा पंचावन्न होतं. पुढे आयुष्यात काही घडेल, असं त्यांनी धरलंच नव्हतं.

बाहत्तरला पाऊस झाला नाही. दिवाळीपर्यंत वस्तीची विहीर आटली. टँकर मोठ्या रस्त्याला थांबायचा. वस्तीच्या शेवटच्या घरात दयाबाई एकट्या राहायच्या. दवाखान्यात दाई म्हणून जन्म गेलेला. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. अब्राहामही. आता त्यांचे गुडघे सुजायचे. एके दिवशी मास्तरांनी सायकलच्या हँडलला पत्र्याचे दोन डबे अडकवले आणि त्यांचं पाणी नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. मग रोजच.

दयाबाईंना ते पेपर वाचून दाखवू लागले. दयाबाई त्यांना तव्यावरची भाकरी वाढू लागल्या. सारा पाठवायची ते ताट मग तसंच परत जायला लागलं. वस्तीला कळायला तेवढं पुरलं. पोरं सायकलमागून शिट्ट्या मारायची. बायका म्हणायच्या, मास्तर, आमच्या पण दारात दोन डबे वता की.

फेब्रुवारीत मास्तर माझ्या खोलीत आले. उभेच राहिले. म्हणाले, "सूर्यभान, तुझं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिहून दे."

अर्ज चर्चच्या पाळकसाहेबांना होता. मास्तर आणि दयाबाई यांना लग्न करायचं होतं. मी लिहायला बसलो. वधूच्या नावापुढे काय लिहायचं, असं विचारल्यावर मास्तर थांबले. मग त्यांनी सगळं सांगितलं. दयाबाईंचा नवरा पंचेचाळीस साली कामासाठी मुंबईला गेला. एक कार्ड आलं. पुन्हा काही नाही. मेला का जिवंत आहे, कोणाला ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षं झाली होती. मी म्हणालो, विधवा लिहू या. मास्तरांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, लिही.

मी सुंदर अक्षरात लिहिलं.

अब्राहाम आधीच चिडलेला होता. लोक हसतात म्हणायचा. आईच्या दगडावर यांचं नाव आहे, आणि हे त्या म्हातारीला पाणी घालतायत, म्हणायचा. त्याचं मन पाघळेल असं मला वाटलं. म्हणून मी त्याला दयाबाईंची गोष्ट सांगितली. ते एक कार्ड, ती वाट पाहणं, सगळं रंगवून सांगितलं. गोष्ट चांगली होती आणि मला ती सांगायला आवडत होती. अब्राहामने शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, मेल्याचा कागद नाही ना? मी म्हणालो, नाही. तो कशासाठी विचारतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, असं मंडळीला विचारतात. पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. दुसऱ्या रविवारी एक म्हातारा खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसला. याच लोकांनी थोडा वेळ आधी डोळे मिटून प्रार्थना केली होती. मला शिसारी आली.

त्या आठवड्यात दफनभूमीतल्या दगडावर कोणीतरी मास्तरांच्या नावात काळा रंग भरला. उन्हापावसाने अक्षरं बुजत आली होती. आता ती लांबून वाचता येत होती. मी अब्राहामच्या नखांत तो रंग पाहिला. आईची जागा साफ केली, म्हणाला.

तिसऱ्या रविवारीही मी चर्चमध्ये गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. मास्तरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. दयाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, पदर डोक्यावरून घेतलेला. पाळकसाहेबांनी नावं वाचली आणि नेहमीचं विचारलं. अब्राहाम उठला.

"दयाबाईंचा नवरा मेल्याचा दाखला मंडळीने पाहिला आहे का?"

खसखस थांबली. पाळकसाहेबांनी अर्जाचा कागद वर धरला. इथे विधवा लिहिलंय, म्हणाले. माझं अक्षर मला शेवटच्या बाकावरून ओळखू आलं. मास्तर उठायला लागले. त्याआधी दयाबाई उभ्या राहिल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"दाखला न्हाई," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्सं मी एकली ऱ्हायले. साथीत पडले, घर गळलं, तवा कुनी आलं न्हाई ईचारायला, की दया, तुजा नवरा जिता हाय का मेला. आज एवढे ईचारताय." मग अब्राहामकडे वळून म्हणाल्या, "तू पायाळू हुतास. रातभर बसले हुते मी तुज्यासाठी."

अब्राहाम खाली बघत होता. पण बसला नाही. हरकत मागे घेतली नाही.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. कागद येईपर्यंत लग्न थांबवावं लागेल, म्हणाले, आणि पुढचं गीत सांगितलं. लोक उभे राहून गायले. सगळे सुरात होते. बाहेर आल्यावर एकजण मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मास्तर, दगडावर नाव चढलंय, आता खातं कसं बदलणार? बाजूचे हसले. मास्तरही थोडेसे हसले. ते हसू मला सगळ्यात वाईट वाटलं.

माझ्या एका मित्राचे काका वकील होते. मी त्यांना भेटलो. सात वर्षांत खबर नसेल तर कोर्टात अर्ज करता येईल, दयाबाईंनी शपथेवर सांगावं लागेल, असं ते म्हणाले. मी पळत आलो. चूक मी केली होती, ती मलाच निस्तरायची होती. मास्तर मला घेऊन दयाबाईंकडे गेले. त्या चुलीपुढे होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली.

"काय सांगायचं शपतंवर? त्यो मेला म्हनून?"

मी म्हणालो, काही खबर नाही, एवढंच.

"त्येच मी चर्चमदी सांगितलं. तिथं चाललं न्हाई. आता जजासमोर सांगायचं, मग पुना त्याच लोकास्नी ईचारायचं, आमी लगीन करू का? न्हाई, मास्तर. मला किळस आली." त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवली. "तुमी पानी आनत जावा. त्याला कुनाला ईचारावं लागत न्हाई."

मास्तरांनी मान हलवली. कोटाच्या खिशातून रुमाल काढला, घडी पाहिली, परत ठेवला. चौतीस वर्षं मुलांना पुन्हा करून बघ म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा विचारायला गेला नाही.

लग्न झालं नाही. मास्तर पुन्हा अंगणापलीकडून येणाऱ्या ताटावर आले. भाकरी गार असायची.

पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली. वस्तीत नळही आला, दयाबाईंच्या दाराशीच एक बसला. मला वाटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी नेहमीसारखे दोन डबे भरले आणि सायकल काढली.

अब्राहाम ओट्यावर दात घासत होता. त्याचा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता. बाप्तिस्म्याचं आमंत्रण मी चांगल्या अक्षरात लिहून द्यावं, असं त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. आजोबांचं नाव वर मोठं हवं, म्हणाला होता. सायकलकडे बघून तो म्हणाला, "बघ सूर्यभान, झालं ते बरंच झालं. वडलांना व्यायामही होतो."

मी आमंत्रण लिहिलं नाही. हात दुखतोय म्हणालो. खरं बोलायचं धाडस तेव्हाही झालं नाही. मी मास्तरांच्या मागे चालत शेवटच्या घरापर्यंत गेलो. नळ उघडाच होता, पाणी वाहत होतं. दयाबाईंनी तो बंद केला. मास्तरांनी सायकल भिंतीला लावली. दोघांनी एकेक डबा दोन्ही बाजूंनी धरून उचलला आणि दारातल्या लिंबाच्या रोपाला घातला. रोप हातभर होतं. त्याला एवढं पाणी नको होतं. आळं भरून ते रस्त्यावर आलं.

त्याच आठवड्यात मी खोली सोडली.