रुमालाखालची बोटं

“तिला काई कळत न्हाई, म्हनून तर संगं आनलीय.”

हे मी एका जुन्या जीपच्या आड उभी राहून ऐकलं. नांदेडच्या बाहेर जुन्या गाड्या विकणारं एक आवार आहे, तिथे. बोलणारे चाचा होते आणि ‘ती’ म्हणजे मी. आवाराचा मालक हसला, चाचाही हसले. मी समोरच्या टायरकडे एकटक पाहत राहिले.

मी फार बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं मला मराठी येत नाही. इंग्रजी शाळेत शिकले. चारचौघांत तोंड उघडलं की पुस्तकातलं वाक्य बाहेर पडतं आणि समोरचा गालात हसतो. त्यापेक्षा गप्प बरं. ऐकू मात्र मला नीट येतं. माझं कामच ते आहे, लातूरच्या एका छोट्या संस्थेत मी लोकांचे कान तपासते.

त्या संस्थेने चाकांवरची एक खोली बनवून घेतली होती. आतून जाड गाद्या लावलेली, बाहेरचा आवाज आत न येणारी. गाडीमागे जोडून निलंगा, मुरूड अशा गावांना न्यायची आणि तिथल्या लोकांचे कान तिच्यात बसवून तपासायचे. परदेशात लोक सुट्टीला निघाले की गाडीमागे राहायची खोली ओढत नेतात, तसंच काहीसं. खोली तयार झाली आणि पैसे संपत आले. उरलेल्यात ओढणारी गाडी जुनीच येणार होती. तीही फसवी निघाली, तर खोली आमच्या अंगणात कायमची उभी राहणार आणि माझी नोकरी जाणार. संस्थेच्या मॅडमनी हे स्पष्ट सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, “दलाल दोन्हीकडून खातात. त्या माणसावर लक्ष ठेव.”

मी ठेवलं.

तो माणूस म्हणजे चाचा, आमच्या गल्लीतले. सगळं आयुष्य बैलांच्या बाजारात हेडी म्हणून गेलं, म्हणजे बैलांचे सौदे जुळवून देणारे. तो बाजार बसल्यावर ते गाड्यांकडे वळले, पण स्वतः काही बदलले नाहीत. गाडीला ते जनावरच म्हणायचे. मी इंटरनेटवरून वाचून सांगितलं होतं की ओढायला स्टेशन वॅगन, म्हणजे मागून लांब असलेली गाडी, चांगली, वजन खाली असतं, मागे सामान मावतं, आणि गाडी खोलीपेक्षा जड हवी. ते शांतपणे म्हणाले, “लांबडी पायजे म्हन की.”

तुम्ही बैलबाजार पाहिला असेल तर त्यांचा रुमालही तुम्हाला ओळखीचा वाटेल. खांद्यावर मोठा चौकड्यांचा रुमाल. समोरचा किंमत सांगायला लागला की चाचा तो आपल्या हातावर टाकायचे. “बोलून काय होतंय? हात आना इकडं.” मग रुमालाखाली दोघांची बोटं एकमेकांना दाबत राहायची. वर चेहरे कोरे. किंमत हवेत यायचीच नाही. मी बाई माणूस, माझा हात तिथे जाणार नव्हता. म्हणजे माझ्या संस्थेचे पैसे एका फडक्याखाली ठरणार होते आणि मी बाहेर उभी राहून ते फडकं हलताना बघणार होते. संशय यायला आणखी काय लागतं?

शिवाय त्यांच्या बारीकसारीक गोष्टी होत्या. एसटीत ते मला नेहमी खिडकी द्यायचे, पण डाव्या बाजूच्या बाकावरची नाही, उजव्याच बाजूची. तिकडे जागा नसली तर पुढची गाडी. आवारात कुणी डावीकडून बोलायला आला की ते अख्खे वळायचे, जणू त्याला नीट जोखून घ्यायचंय. इंजिन सुरू झालं की बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. मला ते सगळं नाटक वाटायचं.

आणि परत येताना चहाच्या टपरीवर उलटतपासणी.

“मी तिकडं गेल्यावर ते दोघं काय बोलून राहिले होते?”

मी सांगायचे. मनात म्हणायचे, हा माझी परीक्षा घेतोय. मी किती ऐकलं ते बघतोय.

“आन इंजिन कसं वाजत होतं?”

“मला गाड्यांमधलं कळत नाही, चाचा.”

“न्हाई कळलं तर ऱ्हाऊ दे. तोंडानं करून दाखव.”

मी आजूबाजूला पाहिलं. मग कपात बघत हळूच म्हणाले, “घर्र... टक. घर्र... टक.”

“मोठ्यानं कर की, बेटा. लाजतीस काय, तुझ्या बापाचं इंजिन हाय का?”

मी मोठ्याने केलं. टपरीवाल्याने गाळणं तसंच धरून माझ्याकडे बघितलं. चाचांनी गंभीरपणे मान हलवली. “टक हाय व्हय. मग सोड ते जनावर.”

असं मी तीन-चार गाड्यांचे आवाज काढून दाखवले असतील. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी कधी झाडसुद्धा झाले नव्हते.

मग एकदा एक पेट्रोलची गाडी बघत होतो. मालकाने चावी फिरवून ठेवली होती, इंजिन बारीक चालू होतं. चाचा म्हणाले, “चालू तर करा की.” सगळे हसले. त्यांना वाटलं चाचा गाडीची चेष्टा करतायत. चाचाही हसले, पण किंचित उशिरा. आधी त्यांनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि मग ते हसले.

ते उशिराचं हसू मी रोज बघते. कान तपासायचा हेडफोन लावायला नको म्हणणारी माणसं तसंच हसतात.

एसटीत बसल्यावर मी खिडकीबाहेर बघत, नेहमीच्या आवाजात विचारलं, “चाचा, किती दिवस झाले?” ते समोर बघत तिकिटाची घडी घालत राहिले. मी त्यांच्याकडे वळून तेच पुन्हा म्हटलं. त्यांनी रुमालाचं टोक बोटांना गुंडाळलं.

“डावा तर बंदच हाय. उजवा चालतोय अर्धा-मुर्धा.”

“आमच्या खोलीत एकदा येऊन बसा ना.”

“त्या डब्यात? लातुरात आज बसलो की उद्या नांदेडला कळंल. बैलाच्या बाजारात चालून गेलं, तिथं बोटंच बोलायची. हितं दलाल बहिरा म्हनलं की लोक त्याच्या म्होरंच त्याला इकून टाकतेत.” मग रुमालाचं टोक सोडून म्हणाले, “म्हनून तुला आनतो. तुला कळत न्हाई म्हनलं की लोक मोकळं बोलत्यात. अन् तू ऐकतीस.”

माझा संशय तिथे संपला असं म्हणता येणार नाही. फक्त त्याने जागा बदलली. आता वाटायला लागलं, ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याच्या भरवशावर मी नोकरी टांगलीय, हे मॅडमना सांगावं का? मी सांगितलं नाही. का नाही, ते मलाही नीट माहीत नाही.

पुढे गाडी मिळाली. अर्धापूरच्या एका केळीवाल्याची जीप, लांबडी नव्हे, पण दणकट. आमची खोली तिच्यामागे आता गावोगाव फिरते. तो सौदाही रुमालाखालीच झाला. चाचांनी दोन्हीकडून घेतले असतील. घेतलेच असतील. खोलीत मात्र ते कधी येऊन बसले नाहीत. हल्ली ते उदगीरला लेकीकडे असतात. गल्लीतल्या त्यांच्या ओट्यावर आता कुणाची तरी स्कूटर उभी असते. त्यांची आठवण निघाली की मला ती जीप आठवत नाही. तिच्या आधी जी गाडी घ्यायची राहिली, ती आठवते.

ती खरोखर स्टेशन वॅगन होती. पांढरी, लांब, मागे हुक आधीच बसवलेलं. माझ्या हिशोबाने वजन बरोबर, आवाज स्वच्छ. मी तो टपरीवर करून दाखवला तेव्हा चाचा पहिल्यांदाच म्हणाले, “हां. हे घेऊ.” आम्ही आवारात परतलो. त्यांनी रुमाल काढला. मालकाने हात दिला.

मालकाचा मेहुणा चाचांच्या मागे, डाव्या अंगाला उभा होता. आवाज जराही न उतरवता तो म्हणाला, “हुकाजवळची चासी मोडल्याली जोडलीय. रंग मारलाय तर म्हाताऱ्याला दिसलं बी न्हाई.”

एवढं बोलून तो गाडीकडे नाही, चाचांच्या मानेकडे बघत राहिला. शेजारचे दोघेही तिकडेच. रुमालाखाली मालकाची बोटं थांबली होती. मग लक्षात आलं, हे वाक्य त्यांनी चाचांना ऐकू येतं का ते पाहायला टाकलं होतं. मला कुणी हिशोबात धरलंच नव्हतं.

चाचांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते मन लावून बोटं दाबत होते.

खरं असेल की नुसतं डिवचायला बोलला असेल? मी वाकून हुकाच्या वर हात घातला. ताज्या रंगाखाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडावर जोडाचा जाड, खडबडीत वण बोटाला लागला. खोली याच जागेला लटकणार होती.

चाचांची बाही ओढली असती तर सौदा थांबला असता, पण त्यांना ऐकू आलं नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. हळू बोलून उपयोग नव्हता. मी उभी राहिले. सगळे पुरुष माझ्याकडे बघायला लागले. माझं मराठी पुस्तकातलंच निघालं, पण मोठ्याने निघालं.

“हुकाजवळची चासी जोडलेली आहे, हे चाचांनी मला मघाशीच सांगितलं होतं. त्यांना ते फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ही गाडी आम्हाला नको.”