कुलूप निखिलचं, भुंकला खजूर

घडलं ते असं:

१. बोट कालव्यातल्या लॉकमध्ये शिरली. मागचा दरवाजा बंद केला.
२. निखिलच्या सांगण्यावरून सायलीने इंजिन बंद केलं.
३. निखिलने पाणी सोडायची झडप उघडली आणि उघड्या झडपेला स्वतःचं लाल कुलूप लावलं.
४. पाणी उतरू लागलं. बोट हळूहळू मागे सरकली.
५. खजूर भुंकला.
६. बोटीचा मागचा भाग दगडी उंबऱ्यावर टेकला. पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जात राहिला.
७. झडप बंद करता येईना. किल्ली बोटीत होती.

कोणाला लागलं नाही. बश्या फुटल्या.

आता सुरुवातीपासून. मी रियाधला ओलायातल्या एका ऑफिसात कंट्रोल सिस्टिमचं काम करते. आमच्या नळाला येणारं पाणी समुद्रातून उपसून, गोडं करून, पाइपातून वाळवंट ओलांडून येतं. त्यामुळे नुसतं पडून असलेलं पाणी बघायला विमानाने इंग्लंडला जाणं आम्हाला विचित्र वाटलं नाही. शिवाय खजूरचा प्रश्न होता.

खजूर हा कुत्रा. बुरैदाच्या खजूरबाजारामागे सायलीला पिल्लू असताना सापडला. तेव्हा ती आमच्याच ऑफिसात होती. इंग्लंडला बदली झाल्यावर ती त्याला घेऊन गेली. आता तिला दोन वर्षांसाठी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पाठवताहेत, तिथे कुत्रा चालत नाही. निखिल आणि रुचा या आमच्या मित्र जोडप्याचा रियाधच्या कंपाउंडमध्ये आवार असलेला व्हिला आहे. त्यांनी आपण होऊन म्हटलं होतं, आम्ही आणतो त्याला परत. एक आठवडा एकत्र राहून ओळख व्हावी, म्हणून ही सहल. खजूरचं घर या आठवड्यावर ठरायचं होतं.

जाणाऱ्यांसाठी: नॅरोबोट म्हणजे कालव्यावर तरंगणारा लांबच लांब बोळ, त्यात स्वयंपाकघर आणि पलंग. लायसन्स लागत नाही. तासाभरात शिकवून सुकाणू हातात देतात. वेग पायी चालण्याइतका. भाडं चौघांत वाटलं की मध्यम हॉटेलइतकं पडतं, डिझेल वेगळं. बहुतेक पबमध्ये कुत्र्याला प्रवेश असतो आणि शाकाहारी माणसाला बटाटे मिळतात. थालीपिठाची भाजणी सोबत न्या. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: बोट हौदात घ्यायची, दरवाजे बंद करायचे, झडपा उघडून पाणी खाली सोडायचं, पुढे जायचं. उतरताना वरच्या दरवाजाखालचा उंबरा पाण्याबाहेर येतो, म्हणून काठावर पांढरी रेघ असते. तिच्या पुढे राहायचं, इंजिन चालू ठेवून. ही सूचना बोटीत चार ठिकाणी चिकटवलेली होती.

पण निखिल एका प्लांटमध्ये सेफ्टी बघतो. पहिल्या सकाळी चहाआधी त्याने आम्हाला ओळीत उभं करून दिवसातले धोके सांगितले. हंसही त्यात होते. खजूरला चमकणारं जाकीट घातलं. ते त्याने दुपारपर्यंत खाल्लं. दुसऱ्या दिवशी बॅगेतून कुलूप निघालं. प्लांटमध्ये ज्याचं काम, तो झडपेला आपलं कुलूप लावतो, म्हणजे दुसरा कोणी ती हलवू शकत नाही. किल्ली सगळ्यांच्या सामाईक पेटीत जाते. या नियमाने माणसं वाचतात; त्याला मी हसत नाही. फक्त तिथे झडप सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करतात. निखिलने ती उघडी असतानाच कुलूपबंद केली. सामाईक पेटी म्हणजे बोटीतला बिस्किटांचा डबा.

मी आत चहा टाकत होते. खजूर मागच्या टोकाला, सायलीच्या पायाशी, सुकाणूकडे बघून भुंकायला लागला. तोवर सहलीत तो एकदाही भुंकला नव्हता. वरून काठावरून निखिलचा आवाज आला, "सायली, त्याला गप्प कर. मला पाणी ऐकू येत नाहीये."

शेजारी उभी रुचा म्हणाली, "अरे, बोट तिरकी होतेय. झडप बंद कर."

"कुलूप आहे."

"मग काढ."

"किल्ली पेटीत आहे. प्रोसिजरप्रमाणे."

मागे थांबलेल्या बोटीवरचे आजोबा चहाचा मग घेऊन बघायला आले आणि हा नवीन नियम आहे का, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं.

कपाटातल्या बश्या माझ्या शेजारून गेल्या. डबा जमिनीवरून घसरत पुढे चालला होता, तो धरला. किल्ली बोटीच्या लांब काठीच्या आकड्याला अडकवून वर दिली. ती रुचाच्या हातात पडली.

"माझं कुलूप मीच काढायचं असतं," निखिल म्हणाला.

"हो का," रुचा म्हणाली, आणि तिने काढलं.

झडप बंद झाली. आजोबांनी वरून हळूहळू पाणी आत सोडलं, बोट उचलली गेली. एवढ्या वेळात सायली जागची हलली नाही, आणि खजूरही.

उरलेले दिवस छान गेले. कुलूप बॅगेत राहिलं.

रियाधला उतरल्यावर विमानाच्या दरवाजातच गरम हवा भेटली आणि ग्रुपवर निखिलचा मेसेज. मूळ कारण: कुत्र्याच्या भुंकण्यामुळे लक्ष विचलित. शिफारस: प्राणी सोबत नको, सबब खजूरला आणणं योग्य ठरणार नाही. सायलीने उत्तर दिलं, "बरं." महिनाअखेर तिला निघायचंय.

तुम्ही जरूर जा. मला पुन्हा जायचंय. आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर येतो तेव्हा हल्ली मी आधी बघते, झडप बंद कुठून होते. सहलीतून माझ्यात एवढाच फरक पडला. काल रुचाकडे गेले होते. तिने आवारात सावलीचं कापड बांधून घेतलंय. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

निखिल, तू हे वाचतोसच. वरचे सात मुद्दे तपास. चुकीचा असेल तो सांग, बदलते. खजूरला आणणार की नाही, ते येत्या गुरुवारपर्यंत सायलीला कळव. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. कारण म्हणून पाचवा मुद्दा देऊ नकोस.