टॉवेलाखालचा हात

"हात आणा," म्हणत चाचा खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकायचे आणि खालून बोटं दाबायचे. न्हावऱ्यातले हे आमचे शेजारी म्हशींचे दलाल होते. भाव असा बोटांनी ठरायचा. तिसऱ्याला पत्ता लागत नसे.

म्हैस पारखताना ते आधी शेण बघायचे, मग तिच्या पोटात अंगठा रुतवायचे. "दचकली तर खोट. न्हाई दचकली, घिऊन जा!"

सत्तरीत चाचा स्वतःच पिवळे पडले. अंगभर खाज. मी तेव्हा 'माळेनं कावीळ उतरत नाही' अशी पत्रकं गावभर वाटत होतो. चाचांनी माझ्या पत्रकावर भजी खाल्ली आणि गळ्यात माळ घातली. वर म्हणाले, "तेल झ्याक टिपतंय तुझं पत्रक!"

शेवटी चाची आणि मी त्यांना एसटीत घालून शिरूरला नेलं. डॉक्टर मांडवगणचे. त्यांच्या वडिलांच्या म्हशी चाचांनीच विकलेल्या.

"चाचा, शौचाचा रंग कसा आहे?"

"त्ये कोण बघतं?"

आता तुम्हीच सांगा! जन्मभर म्हशींचं शेण न्याहाळलेला माणूस हा.

"पांढरट हाय," चाची म्हणाल्या. "मी बघितलंय."

डॉक्टरांनी पोट चाचपलं, दाबलं. चाचा खूश. "दचकलो का? मग माल निर्दोष!"

"तीच काळजी आहे, चाचा. खडा असता तर बहुतेक दुखलं असतं. या वयात न दुखता कावीळ वाढते, तेव्हा पित्ताची नळी कशानं दबलीय ते शोधावंच लागतं."

सोनोग्राफी झाली. "गाठ वाटतेय," डॉक्टर हळूच म्हणाले. "पुण्याला सीटी स्कॅन करू, मग पक्कं कळेल."

चाचांनी चाचींकडे पाहिलं आणि टॉवेल डॉक्टरांच्या हातावर टाकला. "भाव सांगा."

आपल्याकडे दिवस किती उरलेत, हे बायकोसमोर विचारायची त्यांना ती एकच रीत ठाऊक होती. डॉक्टर अडखळले. मग टॉवेल जरासा हलला.

"लई कमी," चाचा हसले. "वाढवा की जरा!"

"पुण्याला चला. मग बघू."

चाचा जाऊन आता वर्ष झालं. मला आठवते ती त्या दिवशीची परतीची एसटी. चाचींनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काय न्हाई. बारका खडा हाय."

चाचींनी त्यांच्या मांडीवरच्या टॉवेलाखाली हात घातला आणि त्यांची बोटं दाबली.

चाचा दचकले.

"खोट हाय," चाची म्हणाल्या, आणि न्हावरं येईस्तोवर त्यांनी हात सोडला नाही.