महागूकाकांनी पुढे सरकवलेला गुरुवार

तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली टाइपराइटर घेऊन महागू गजभिये एकतीस वर्षं बसले. अर्ज, शपथपत्रं, भावाभावांची भांडणं, अर्ध्या बालाघाटचं रडगाणं त्यांच्या बोटांखालून गेलं. मग समोर कॉम्प्युटरची तीन दुकानं लागली आणि चिंचेखाली नुसती चिंच राहिली.

पण टाइपिंग हा काकांचा धंदा. जीव होता रेडिओत. तरुणपणी ते श्रोता संघाचे सचिव होते. सभासद नऊ, रेडिओ दोन. परदेशी स्टेशनांची वेळापत्रकं टपालानं यायची आणि त्यात वेळ तिकडची असायची. ती आपल्या वेळेत बदलून, कार्बन लावून, नवही जणांना पोचवायची, हे सचिवाचं काम. लंडनच्या वेळेत साडेपाच तास जोडायचे. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून तेव्हा साडेचार. हे आमच्या साऱ्या बूढी वॉर्डात एकट्या काकांना ठाऊक होतं. सभासद मेले, विखुरले. हिशेब काकांच्या डोक्यात तसाच राहिला.

त्यांची मुलगी समीक्षा घरी बसून नागपूरच्या एका ऑफिसचं काम करायची. काम असं, की इंग्लंडातल्या एका टीव्ही चॅनलच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमपत्रिका तिकडच्या कोण्या संस्थेला कॉम्प्युटरवर चढवून हव्या होत्या. एक पान म्हणजे एक दिवस. पान पाहायचं आणि वेळ, कार्यक्रम, माहिती नेमून दिलेल्या चौकटीत भरायची. तेच पान दुसरीकडे आणखी कोणीतरी भरतं, मग ऑफिस दोन्ही जुळवून पाहतं. समीक्षाला सांगितलं होतं, ही सहा महिन्यांची पानं बिनचूक गेली तर नागपूरला तपासनिसाची पक्की नोकरी. तिची आयडी मात्र दुसऱ्या कोणी वापरायची नाही.

नेमकी तेव्हाच तिला कावीळ झाली. डॉक्टरनं पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं. काम द्यायची तारीख काही पडून राहणार नव्हती.

"मी बसतो," काका म्हणाले. "टाइपिंग काही आजची आहे का मले?"

"बाबा, जसं आहे तसंच भरा. डोकं लावू नका," समीक्षा खाटेवरून म्हणाली.

"हौ."

माउस कसा धरायचा ते शेजारी म्हणून मी शिकवलं. एवढाच माझा गुन्हा.

काका रोज बारा पानं उरकायचे. चिंच सुटल्यापासून इतक्या ताठ बसलेले मी त्यांना पाहिले नव्हते. एकदा गेलो तर चौऱ्याहत्तर सालचा कुठला तरी गुरुवार त्यांनी मला अख्खा वाचून दाखवला.

"पाह्य रे, सकाळी शाळेच्या पोराइसाठी धडे. मंग दुपारी काहीच नाई. तीन घंटे टीव्ही बंद!"

"काहून?"

"झोपत असतीन. आपल्या इथं चोवीस घंटे चालू राह्यते, अन् पाहाले काही नाई."

"मंग तुमीबी तीन घंटे बंद राहत जा," चुलीपासून विमलाकाकूंचा आवाज आला.

काकांनी पान पुढे वाचलं. संध्याकाळी गुलाबाची छाटणी. मग मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची शर्यत. बातम्या, एक नाटक, शेवटी एका पाद्रीबुवांचे चार शब्द आणि पडदा काळा.

"कुत्र्याइची शर्यत सव्वाएकले पडली," काका म्हणाले. "रात्रीच्या."

मला वाटलं, इंग्रजांची कुत्रीही उशिरा झोपत असतील. मी हसलो आणि घरी आलो.

सोमवारी समीक्षा उठली. तोंड अजून पिवळंच होतं. त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत काम द्यायचं होतं, म्हणून ती सकाळीच एक नजर टाकायला बसली. तिनं मला हाक मारली तेव्हा तिच्या आवाजात काहीच नव्हतं. ते जास्त वाईट.

"बाबा, गुरुवारची शर्यत शुक्रवारात काहून आहे?"

"आपल्या इथं तवा शुक्रवार लागला होता ना," काका म्हणाले. "त्याइनं तिकडचीच वेळ ठेवली होती. मी सारी बदलवली. अर्ध्या मार्चपासून साडेचार घेतले, तू पाहून घे. एकबी चुकलं नसन."

खरंच एकही चुकलं नव्हतं. सहा महिन्यांचा प्रत्येक कार्यक्रम काकांनी बालाघाटच्या वेळेवर आणला होता. संध्याकाळनंतरचं सगळं दुसऱ्या तारखेत जाऊन बसलं होतं.

"इथं कोण पाहणार आहे ते, बाबा? पन्नास वर्षं झाली त्याले."

काका स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "मी वजा करून सांगतो. तू भर."

मी पान दाखवायला बसलो. पानावर वेळ होतीच, तरी काका पान न बघता स्वतःच्या आकड्यातून साडेपाच तास काढायचे आणि माझ्या आधी बोलायचे. एकदाही फरक पडला नाही. काकूंनी उसाचा रस आणून ठेवला, तो तसाच राहिला. जानेवारी झाला, फेब्रुवारी झाला. चार वाजता मार्च लागला आणि फोन वाजला.

नागपूरचं ऑफिस होतं. पानं भरली तसतशी जुळवणीला गेली होती. त्यांना सहा वाजेपर्यंत थांबायची गरजच नव्हती. समीक्षानं फोन स्पीकरवर ठेवला, कारण दोन्ही हात कीबोर्डवर होते.

"मॅडम, ये एंट्री किसने की है? आपने ही?"

काका उठून उभे राहिले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. सांग, माझं नाव सांग.

"जी," समीक्षा म्हणाली. "मैंने."

"एक भी दिन मैच नहीं हुआ. आईडी बंद कर रहे हैं."

"जी."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "काहून खोटं बोलली? मी केलं म्हणायचं होतं."

"आयडी दुसऱ्याले दिली म्हटलं असतं, तर काय नोकरी देणार होते?"

"पण चूक तर माह्यी होती."

"हौ," समीक्षा म्हणाली.

एवढंच म्हणाली. काकांना राग चालला असता, रडणं चाललं असतं. ते पडद्याकडे वळले. आयडी अजून बंद झाली नव्हती, मार्चचा पहिला दिवस उघडाच होता. त्यांनी दोन बोटांनी साडेसात खोडून दोन लिहिले. मग पुढची ओळ. तिसऱ्या ओळीला पडदा पांढरा झाला आणि पासवर्ड मागू लागला.

काकांनी समीक्षाकडे पाहिलं. ती खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती. पासवर्ड त्यांना पाठ होता. पण तो टाकायला काका धजले नाहीत.