तेल-पाण्याच्या सीमेवर

प्रयोग जमला तर पेपर होतो, फसला तर किस्सा. आमच्या लॅबमधून पेपर मोजकेच निघाले, यावरून काय ते ओळखा!

बरोबरीची मुलं कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघं, म्हणजे मी, कॅम्पातला सलीम आणि वर्ध्याचा प्रशांत, पीएच.डी.साठी बाटल्या हलवत बसलो होतो. बाटलीत तेल, पाणी आणि जेलचे अतिसूक्ष्म मऊ कण. हे कण तेलाच्या थेंबांना वेढून बसतात, मग थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि सगळं दुधासारखं पांढरं राहतं. एवढंच आमचं काम.

*

प्रशांत कोथरूडला मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?"

"तेल-पाण्याच्या सीमेवर काम करतो."

"सीमेवर? मिलिटरीत का?"

"नाही, लॅबमध्ये."

काका हळहळले, "मिलिटरीत असता तर निदान कँटीन तरी मिळालं असतं!"

*

आमच्या गाइड जोशी मॅडम. आवाज कधी चढला नाही, चढवायची गरजही पडली नाही. सलीमने त्यांना विचारलं, "काचेचे कण कडक असतात. तरी हे मऊ कण थेंबावर जास्त घट्ट कसे बसतात?"

"बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसतो ना? अंग चोरून बसला तर ब्रेक लागताच खाली. अंग सैल सोडून, शेजाऱ्याला चिकटून बसला, की उठवून दाखवा!"

*

सूक्ष्मदर्शकातून कणांचे पहिले चांगले फोटो आले. सीमेवर पसरलेला एकेक कण मधे फुगीर, कडेला पातळ. सलीम ओरडला, "मॅडम, हाफ फ्राय!"

मॅडमनी चष्मा काढला. "या लॅबमध्ये घावन म्हणायचं."

"अहो मॅडम, जगभर याला फ्राइड एगच म्हणतात!"

"जग म्हणू दे."

झालं! बाटल्यांवर 'घावन' अशी लेबलं लागली. पुढे एक परदेशी प्रोफेसर आले आणि मोठ्या आदराने विचारू लागले, हे घावन म्हणजे नवीन पॉलिमर का?

"व्हेरी ओल्ड," मॅडम म्हणाल्या. "गोज विथ चटणी."

*

आमचे कण तापले की आकसतात आणि त्यांची पकड सुटते. मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद. दुपारी पाहतो तर सगळ्या बाटल्यांत तेल वर, पाणी खाली! प्रशांत रडायच्या बेतात.

मॅडमनी रांगेवरून नजर फिरवली. "गरम झालं की फुटतं, असं आपण लिहिलं होतं ना? मग रडता काय, फोटो काढा."

*

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास प्रशांतला आयटीतली नोकरी चालून आली. पगार आमच्या स्टायपेंडला लाजवणारा. घरून रोज फोन, "घेऊन टाक." हा हो म्हणेना, नाहीही म्हणेना. जेवण सुटलं होतं त्याचं. शेवटी वडील स्वतःच पुण्याला आले. मितभाषी माणूस. थेट लॅबमध्येच आले.

मॅडमनी खुर्ची दिली. प्रशांतने दोन बाटल्यांत तेल-पाणी घेतलं, एकीत जेल घातलं आणि दोन्ही जोरात हलवून टेबलावर ठेवल्या. बिनजेलच्या बाटलीतलं तेल बघता बघता वर आलं. जेलवाली पांढरीशुभ्रच राहिली. वडील चहा निवेपर्यंत तिच्याकडे बघत होते.

"हे असं किती दिवस राह्यते?"

"कपाटात ठेवलीय एक, बाबा. मागच्या दिवाळीची हाय."

वडील उठले. पिशवीतला लाडवांचा डबा काढून त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि पोराकडे न बघताच म्हणाले,

"मंग तू बी राह्य."