धाकट्याचे एमबी

छापखान्यात तिला सगळे कानामात्रा म्हणत. मागून नाही, तोंडावर. "कानामात्रा, एवढं नजरेखालून घाला," म्हणत मशीनवाले काका शाईचा वास येणारा कागद टेबलावर ठेवत, आणि ती लाल पेनाचं टोपण काढून औषधांच्या माहितीपत्रकावर तुटून पडे. 'कोरडया जागी ठेवा.' कोरड्या. 'लहान मुलांपासुन दूर.' पासून. बावीस वर्षं हेच. बसच्या वेळापत्रकात वेळ चुकली तर लोकांची बस चुकणार, हे तिला कळायचं. पण 'सुटेल'चा 'सूटेल' झाला तर तिची झोप उडायची.

घर दोन खोल्यांचं. एकीत ती, दुसरीत धाकटा भाऊ. म्हणजे आता धाकट्याची कॉट. आईवडील लवकर गेले, याला तिनेच वाढवलं, आणि वाढवता वाढवता थांबायचं राहून गेलं. सव्वीस वर्षांच्या घोड्याला दिवसातून आठ वेळा फोन: "कुठे आहेस? कुणाबरोबर? मागून आवाज कसला येतोय?" चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी तो दारात बूट चढवता चढवता म्हणाला, "ताई, मी माणूस आहे. तुझं प्रूफ नाही."

ती म्हणाली, "आधी नाडी नीट बांध."

झालं. हे शेवटचं बोलणं. तो गेला तो परत आलाच नाही.

त्यानंतर त्याला फोन लावला की एका बाईचा कडक इस्त्रीतला आवाज यायचा. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे." चौदा महिने दुसऱ्या कॉलवर. काकांच्या फोनवरून लावला तर वाजून वाजून गप्प व्हायचा.

"तुमचा नंबर ब्लॉक केलाय त्याने," काका म्हणाले. "आणि माझा अनोळखी नंबर कोण उचलतो हो? माझी सूनही उचलत नाही, ती तर ओळखते."

एक धागा मात्र त्याच्याकडून तोडायचा राहिला होता. दोघांचे नंबर एकाच फॅमिली प्लॅनवर होते, मुख्य नंबर तिचा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दोन ओळी दिसायच्या: 'मुख्य सदस्य', आणि खाली 'सदस्य २'. त्याच्यापुढे आज किती डेटा वापरला त्याचा आकडा. आणि तो आकडा हलायचा.

आधी तिला एमबी म्हणजे काय आणि जीबी म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. हजारभर एमबी झाले की एक जीबी, इतकं काकांनी सांगितलं, आणि तेवढ्यावर तिने अख्खा भाऊ उभा केला. सकाळी सव्वासातला आकडा चाळीसने वाढे: उठला. दुपारी एक ते दोन तीनशे: जेवताना काहीतरी बघतोय. रविवारी दुपारी सहाशे: सिनेमा. गेल्या पावसाळ्यात चार दिवस आकडा जेमतेम हलला, तेव्हा ती कामावरून लवकर आली आणि रिकाम्या कॉटला म्हणाली, "ताप आलाय ना? भिजला असशील." पाचव्या दिवशी एकदम दीड जीबी चढले, आणि तिला घास गेला.

मग एकदा अ‍ॅपने कळवलं, 'आपला सामायिक डेटा समाप्तीकडे आहे.' 'समाप्तीकडे' वाचून तिने नाक मुरडलं आणि कोपऱ्यावरच्या रिचार्जवालीकडे गेली. ही रिचार्जवाली एका श्वासात तीन गिऱ्हाइकांशी बोलणारी.

"दाखवा ताई, हां, तुमचं कुठे जातंय, सगळं हा सदस्य दोनच खातोय, ओ दादा सिमला फोटो लागेल, पण ताई, हे कुणी वापरलेलंच असतं असं नाही हां."

"म्हणजे?"

"फोन झोपतो का? तुम्ही झोपता. तो आपला अपडेट घेतो, फोटो वर चढवतो, हवामान बघतो. स्क्रीन बंद, आत चरणं चालू. बॅकग्राउंड डेटा म्हणायचं त्याला."

"पण चार्जिंगला कुणीतरी लावत असेलच की."

"कुणीही लावेल. परवा एक आजोबा आले, सेम तुमच्यासारखे. म्हणे, मुलगा रोज दीड जीबी वापरतो, फोन मात्र करत नाही. शोधलं तर सिम कुठे? गोदामातल्या कॅमेऱ्यात. मुलाने मित्राला देऊन टाकलेलं. आजोबा दोन वर्षं आकडा बघून खूश, आणि कॅमेरा आपला भिंत बघत बसलेला."

रिचार्जवाली खुदखुदत होती. कानामात्रा फोन पर्समध्ये टाकून निघाली.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला चाळीस एमबी चढले, आणि ती जागीच थिजली. इतके महिने तिला वाटायचं, पलीकडे कुणीतरी डोळे चोळतंय. आता दिसायची नुसती भिंत, आणि भिंतीकडे टक लावून बसलेला एक डोळा. शेजारच्या खोलीतली कॉट नेहमीसारखीच होती, पण तिने मधलं दार ओढून घेतलं. रविवारी सहाशे चढले तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "कोण आहेस तू?" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

सोमवारी ती पुन्हा दुकानात. "पलीकडे माणूसच आहे, हे कसं कळेल?"

रिचार्जवालीने पहिल्यांदाच बाकीच्या गिऱ्हाइकांना थांबवलं. "मर्यादा घाला. दिवसाला शंभर एमबी. संपले की त्याच्या स्क्रीनवर बटण येतं, 'अधिक डेटाची विनंती करा'. ते दाबायला बोट लागतं ताई. कॅमेऱ्याला बोट नसतं." मग फोन परत देत, "पण त्याला दिसतं हां, मर्यादा मुख्य सदस्याने घातलीय म्हणून. नंतर मला बोलू नका."

तिने मर्यादा घातली.

मंगळवारी दुपारी पावणेएकला छापखान्यात तिचा फोन वाजला. 'सदस्य २ यांनी अधिक डेटाची विनंती केली आहे. कारण (ऐच्छिक): पूरत नाही.'

पूरत. दीर्घ. तिचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला. धाकटा असंच लिहायचा, शाळेपासून. पण अर्धं जग असंच लिहितं, त्यावरच तर तिचा पगार निघत होता.

'मंजूर' केल्यावर पर्याय आले: शंभर एमबी, पाचशे, मर्यादा नाही. तिने शंभर दाबलं.

बुधवारी आलं, 'परत संपला.' तिने शंभर दिले. गुरुवारी, 'काम आहे.' शंभर. शुक्रवारी नुसतं टिंब. टिंबालाही शंभर. चौदा महिन्यांत एक अक्षर नाही, आणि आता रोज पावणेएकला टपाल. ती साडेबारापासूनच फोन उताणा ठेवून बसू लागली. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं.

"अहो, हे म्हणजे तहानलेल्याला रोज चमचाभर पाणी द्यायचं, आणि तो दारात येतो म्हणून आनंद मानायचा."

"आधी तो तोच आहे, हे तरी कळू दे."

"आणि कळल्यावर?"

तिने खाली मान घालून एक अनुस्वार दिला.

पुढच्या मंगळवारी, नेहमीच्या वेळेला, कारणाच्या रकान्यात आलं: 'मुद्दाम करतेस ना'

करतेस. करता नाही, करताय नाही, करतोस नाही. मुख्य सदस्य बाई आहे, हे अ‍ॅप कुणाला सांगत नाही. सापडलेलं सिम वापरणारा परका तिला अरे-तुरे कशाला करेल? मुख्य नंबरवर बाई आहे की बुवा, हेच त्याला ठाऊक नसणार. हे 'तेस' जगात एकाच माणसाच्या तोंडचं होतं. पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं, पण तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

"तोच आहे," ती काकांना म्हणाली. "जिवंत आहे. चिडलाय."

उत्तर लिहायला रकाना नव्हता. 'मंजूर' आणि 'नामंजूर', एवढंच. तिने घाईघाईने 'मंजूर' दाबलं, मग 'मर्यादा नाही' दाबलं. एकदा दाबून भागेना म्हणून पुन्हा दाबलं. 'आपला बदल जतन झाला आहे,' अ‍ॅप म्हणालं.

बुधवारी सव्वासात वाजले. साडेसात. पावणेएक. आकडा हलला नाही. गुरुवारी शून्य. रविवारी शून्य. काकांच्या फोनवरून लावला, तर तीच इस्त्रीतली बाई नवीन वाक्य बोलली: "हा नंबर सध्या बंद आहे."

"सिम काढून फेकलं असेल," रिचार्जवाली म्हणाली. या वेळी एका श्वासात एकच वाक्य. "त्याला कळलं असणार ना ताई, तुम्ही बघत होता ते."

"हो."

"पण माणूसच होता ना?"

"माणूसच होता," ती म्हणाली.

आता ताप आला तरी कळणार नव्हतं, सिनेमा बघितला तरी कळणार नव्हतं. सकाळी सव्वासातला तिचा अंगठा आपोआप अ‍ॅपवर जाई. कॉटच्या खोलीत काही वाजलं की ती कान देई, आणि काही वाजलं नाही की जास्तच देई.

महिन्याने छापखान्यात फोन वाजला तेव्हा तिच्या हातातलं पेन गडगडत मशीनखाली गेलं. 'सदस्य २ गेले तीस दिवस निष्क्रिय आहेत. यांना काढून टाकायचे? होय / नंतर.'

तिने 'नंतर' दाबलं.

"कोण?" काकांनी पेन उचलून देत विचारलं.

"कंपनी. दर महिन्याला विचारणार म्हणे."