हलसूरच्या तळ्यात सोडलेली देवी

नात कोरमंगलात राहायला गेली आणि फोनवर म्हणाली, "आजी, ये ना बंगळूरला! कधी गेलीयेस का?" गेले होते. एकदाच, साठच्या दशकात, एकटी. का गेले ते तिला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आज लिहितेय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तंजावरच्या एका दरबारी चित्रकारावर कादंबरी लिहीत होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी जात चालली होती; ते सांगत, मी वहीत उतरवत असे. राजाने मागितलेल्या देवीला या चित्रकाराने कुणाचा तरी चेहरा दिला आणि दरबार सोडला, अशी कथा. तो चेहरा कसा आहे हे कळल्याशिवाय शेवटचं प्रकरण सांगणार नाही, हा अण्णांचा हट्ट. चित्र बंगळूरच्या चिकपेठेत, एका जुन्या मराठी घरात पूजेत असल्याचा शोध लागला. अण्णांनी पत्र घातलं, "दर्शनाला मुलीला पाठवतो." जरूर पाठवा, असं उत्तर आलं.

पुण्याहून तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर हाडं खिळखिळी झाली. घरच्या दशम्या लोंढ्यापर्यंत पुरल्या. अर्सिकेरेला सकाळी कॉफी घेतली आणि चहाच्या घरात जन्मल्याचं वाईट वाटलं. तुम्ही आता मेट्रोने चिकपेठेत उतराल. मी जटक्याने, म्हणजे तिथल्या टांग्याने, बारा आण्यांत गेले.

दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा उतरला.

"आधी स्वल्प काफी घे," म्हणाल्या. देवघरातली मधली खुंटी रिकामी होती.

"तुमचं पत्र आलं म्हणून देवीला पुसायला काढलं गं. दर शुक्रवारी काचेवर कुंकू लावून लावून तोंड दिसत नव्हतं. पुण्याहून माणूस येणार, नीट दिसू दे म्हटलं. हातातून निसटलं. काच फुटली ती तोंडातच घुसली. भंगलेला देव घरात कसा ठेवायचा? खणात गुंडाळून परवा हलसूरच्या तळ्यात सोडलं."

माझा पारा चढला. "दोन दिवस थांबता आलं नाही? केवढं मोलाचं चित्र!"

"तुला चित्र. आमची देवी होती ती," अक्का म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला माझीच लाज वाटली.

"चेहरा पाहिलात का तुम्ही?"

"पुसला तेवढ्यात, स्वल्प. खाली बघत होती. मांडीवर लेकरू निजलंय, तशी."

दुपारी मी तळ्यावर गेले. धोबी कपडे वाळत घालत होते, पाणी गढूळ होतं. काही दिसणार नाही हे ठाऊक असूनही बराच वेळ उभी राहिले.

निघताना अक्कांनी हात धरला. "अण्णांना पत्राचं सांगू नको. काच आधीच फुटली होती म्हण. सरी?"

"सरी," बरं म्हणून मीही त्यांच्याच शब्दात कबूल केलं.

पण खरं बोलण्याची तेव्हा मला भारी मिजास होती. घरी पोचले, चपला काढल्या आणि सगळं सांगून टाकलं, पत्रापासून. अण्णा एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण बघायला निघालो म्हणून ती गेली." त्या झुकलेल्या नजरेचं मी नंतर सांगितलं, पण ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मी वही उघडली तेव्हा म्हणाले, "राहू दे."

त्यानंतर त्यांनी एक ओळही सांगितली नाही. वही माझ्याकडे आहे, शेवटची पानं कोरी. अक्कांचं ऐकून तेवढं एक खोटं बोलले असते, तर त्या पानांवर आज मांडीवरच्या लेकराकडे बघणारी देवी असती.